आडात आहे, मग पोहऱ्यात का येत नाही?

मोबाइलवरचा किंवा टीव्हीवरचा व्हिडिओ अडतो तेव्हा घरच्या घरी काय पाहावे

कार्तिकातली संध्याकाळ होती. रिसोड तालुक्यात पैनगंगेकडच्या एका गावातले शेतकऱ्याचे घर. सोयाबीन घरात आलेले, हरभरा पेरून झालेला आणि तूर फुलावर. दुपारी तुरीत फेरी मारून आलेल्या आबांच्या डोळ्यांपुढून फुलातली अळी हलत नव्हती. उद्या सकाळीच फवारणी करायची, असे ठरले. नातीने मोबाइल आणला आणि तुरीवरील घाटेअळीचा एक व्हिडिओ लावला. सांगणारे गृहस्थ चांगले सावकाश बोलत होते. त्यांनी औषधाचे नाव सांगितले, केव्हा फवारावे ते सांगितले, आणि "दहा लिटर पाण्यात..." एवढे म्हणून ते तोंड उघडे ठेवूनच थांबले. पडद्यावर गोल चकरी फिरू लागली.

"काय झालं व माय?" आबांनी विचारले.

"फिरूनच रायलं, आबा."

"मंग औषद किती टाकाचं म्हनला तो?"

"तेच तं आयकू नाही आलं."

आबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग म्हणाले, "जाऊ दे. दोन झाकनं टाकून देऊ."

वाचकहो, गोष्ट हसण्यासारखी वाटते, पण हसण्यासारखी नाही. औषध कमी पडले तर अळी मरत नाही आणि पैसा पाण्यात जातो. जास्त पडले तर पिकाला धोका, आणि फवारणाऱ्या माणसाला त्याहून मोठा धोका. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा अर्धवट ऐकलेला सल्ला हा न ऐकलेल्या सल्ल्यापेक्षाही वाईट. म्हणूनच व्हिडिओ अडला की नुसते हात चोळत बसू नये किंवा अंदाजही करू नये. तो कोठे अडला ते शोधावे. हे काम शहाण्या शेतकऱ्याला अवघड नाही, कारण पाणी कोठे अडले हे तो रोजच शोधतो.

राखणदार गेला, संच घरात आला

आपल्या देशात खेड्यांसाठी आकाशातून थेट चित्रे आणण्याचा मोठा प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टीव्हीचा एकेक सार्वजनिक संच बसविला होता. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. उपग्रहाकडून येणारी चित्रे पकडण्यासाठी जाळीची मोठी थाळी असे, आणि संच सांभाळायला गावातलाच एक माणूस नेमलेला असे. संच बिघडला की तो कळवी आणि दुरुस्तीची माणसे येत. पुढे आपल्याकडे घरोघरी टीव्ही आला तेव्हा छपरावरची अँटेना फिरवीत "आलं का?" असे ओरडणारा एक जण आणि खालून "आलं, आलं... गेलं!" असे सांगणारा दुसरा, ही जोडी प्रत्येक घरात होतीच.

आता तसे राहिले नाही. २०१६ नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि प्रत्येक खिशात एक टीव्ही आला. सह्याद्री वाहिनीवरील 'आमची माती आमची माणसं'चे भाग यूट्यूबवर पाहता येतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' नावाचे स्वतःचे अॅपही सुरू केले. मालिका, कीर्तने, क्रिकेट, मुलांचे शिकवणीचे तास असे सगळे एका काचेत आले. पण संचाचा राखणदार मात्र गेला. ते काम आता घरातल्याच कोणाला तरी शिकून घ्यावे लागणार. लेक असो, सून असो, नातवंड असो, ज्याला थोडी गोडी आहे त्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

व्हिडिओ येतो कसा?

इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ अखंड धारेने येत नाही. त्याचे काही काही सेकंदांचे लहान तुकडे केलेले असतात. ते तुकडे मोठ्या शहरांतील संगणकांत साठवलेले असतात. तो आपला आड समजा. तेथून ते जाड तारांतून टॉवरपर्यंत किंवा गावातील जोडणीपर्यंत येतात. ती मोठी पाइपलाइन. तेथून हवेतून किंवा तारेने घरात येतात. तो आपला चर. आणि मोबाइल किंवा टीव्ही हा शेवटचा पोहरा.

मोबाइल पुढचे काही तुकडे आधीच मागवून ठेवतो, जसे आपण वीज येण्याजाण्याचा भरवसा नाही म्हणून हौद भरून ठेवतो. हौदात येणारे पाणी उपशापेक्षा कमी पडू लागले की हौद कोरडा होतो. त्या क्षणी चकरी फिरू लागते. काही वेळा चित्र थांबत नाही, पण पुसट होते. तेथे मोबाइलने स्वतःच धार बारीक करून काम निभावलेले असते. ती बिघाडाची नव्हे, शहाणपणाची खूण होय.

आता 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. व्हिडिओच्या बाबतीत बहुधा उलटे असते. आडात भरपूर असते, पण मधला एखादा सांधा तुंबलेला असतो. तो सांधा शोधायचा.

पहिले काम : एकच अडले की सगळेच?

चकरी दिसली की प्रथम दुसरा एखादा व्हिडिओ लावून पाहावा. तो चालला तर दोष त्या एका व्हिडिओचा. तोही चालला नाही तर दुसरे अॅप उघडावे. एकच अॅप अडत असेल आणि बाकीची चालत असतील, तर दोष त्या अॅपचा किंवा खुद्द आडाचा. क्रिकेटच्या मोठ्या सामन्याला असे होऊ शकते; तेथे आपण काही करू शकत नाही, थोडे थांबावे. सगळेच अडले असेल, तर शेजाऱ्याला विचारावे. त्याच कंपनीचे कार्ड असलेल्या शेजाऱ्याकडेही अडले असेल तर दोष टॉवरकडचा किंवा तारेचा. त्याच्याकडे चालते आणि आपल्याकडे नाही, तर दोष आपल्याच घरात आहे. या दोन मिनिटांच्या चौकशीने अर्धे काम होते. ही चौकशी न करता लोक मोबाइल घेऊन तडक दुकानात जातात आणि नवा मोबाइल घेऊन येतात.

दुसरे काम : दिवसाचा कोटा

सर्वांत अधिक फसगत होते ती येथे. पुष्कळ रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबी किंवा दोन जीबी असा कोटा असतो. तो संपला की इंटरनेट बंद पडत नाही. बहुतेक योजनांत त्याचा वेग ६४ केबीपीएस इतका उतरतो. व्हॉट्सअॅपचा लहानसा निरोप जातो, म्हणून आपल्याला वाटते की नेट तर चालू आहे. पण चांगल्या स्वच्छ व्हिडिओला सुमारे ३ एमबीपीएस, म्हणजे त्याच्या सत्तेचाळीस पटींच्या आसपास वेग लागतो. ठिबकच्या एका नळीवर तीन एकर ऊस भिजविण्यासारखे ते झाले. कोटा रात्री बारानंतर नव्याने सुरू होतो. म्हणून "रात्री चालत नाही, सकाळी आपोआप चालते" अशी तक्रार असेल तर ऐंशी टक्के उत्तर येथेच मिळाले असे समजावे.

कोटा इतक्या लवकर का संपतो? व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ३६०, ४८०, ७२०, १०८० असे आकडे दिसतात. ते म्हणजे चित्रातील ओळी. ओळी जितक्या अधिक तितके चित्र स्वच्छ आणि तितका खर्चही मोठा. ढोबळ मानाने ३६० ला तासाला पाव ते अर्धा जीबी, ४८० ला अर्ध्या जीबीच्या आसपास किंवा थोडा अधिक, ७२० ला एक ते दीड जीबी आणि १०८० ला दीड ते तीन जीबी लागतो. हाताएवढ्या मोबाइलवर शेतीचा सल्ला ऐकायला ३६० पुरेसे आहे. अळी नीट ओळखायची असेल तेवढ्यापुरते ७२० करावे आणि परत खाली आणावे. 'आपोआप' या खुणेवर सोडून देऊ नये.

दुसरी उधळपट्टी होते ती एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची. ही सोय बहुतेक अॅपमध्ये पहिल्यापासून चालू असते. ती बंद करावी.

तिसरे काम : हवेतला चर

कोटा शिल्लक आहे, तरी चालत नाही. मग रेंज पाहावी. दगडामातीच्या जाड भिंती आणि टिनाचे पत्रे यांतून मोबाइलच्या लहरी नीट शिरत नाहीत. घरात बसून कुरकुर करण्यापेक्षा अंगणात किंवा धाब्यावर जाऊन पाहावे. विमानाचे चित्र असलेले बटन अर्धा मिनिट चालू करून बंद करावे. मोबाइल टॉवरशी नव्याने जोड लावतो. गावाच्या कडेला ५जी कधी मिळते, कधी सुटते. अशा ठिकाणी मोबाइल ५जी आणि ४जी यांच्यात उड्या मारीत राहतो व चित्र अडते. सेटिंगमध्ये ४जी ठेवून पाहावे, पुष्कळदा धार स्थिर होते.

संध्याकाळी जेवणानंतर सगळे गाव एकाच टॉवरवर असते. रब्बीत सगळ्यांचे पंप एकाच वेळी सुरू झाले की व्होल्टेज पडते, तसाच हा प्रकार. त्याला उपाय एकच, आपली पाळी बदलणे. महत्त्वाचा व्हिडिओ पहाटे उठल्यावर पाहावा, आणि ज्या व्हिडिओखाली 'डाउनलोड'ची सोय दिली असेल तो तेव्हाच उतरवून ठेवावा. मग शेतात, जेथे रेंजच नाही, तेथेही तो न अडता चालतो.

चौथे काम : तारेची जोडणी असेल तर

आता खेड्यांतूनही काचेच्या तारेची, म्हणजे फायबरची, जोडणी मिळू लागली आहे. ग्रामपंचायतीपर्यंत अशी तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली गेली. ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांनी पेटीवरचे दिवे ओळखायला शिकावे. 'एलओएस' या अक्षरांखाली लाल दिवा लागला किंवा लुकलुकू लागला, तर तारेतून प्रकाशच येत नाही. तार कोठे तरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे. रस्त्याच्या कामाला किंवा पाइपलाइनला जेसीबी लागला होता का, ते विचारावे. घरात तार उंदराने कुरतडली आहे का किंवा खाटेच्या पायाखाली दबली आहे का, ते पाहावे. तुटलेली काचतार पीळ देऊन, टेप लावून जुळत नाही. तिला कंपनीचा माणूसच लागतो. आणि तिच्या तुटक्या टोकाला डोळा लावून पाहू नये.

लाल दिवा नाही, तरी अडते, तर पेटीची वीज बंद करावी, एक मिनिट थांबावे व पुन्हा चालू करावी. पेटी पुरती जागी व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा. पेटी कपाटात, टीव्हीच्या पाठीमागे किंवा धान्याच्या कोठीआड ठेवू नये. उंच व मोकळ्या जागी ठेवावी. पेटी दोन प्रकारच्या लहरी देत असेल तर भिंतीपलीकडच्या खोलीला '२.४'ची आणि समोरच बसणाऱ्याला '५'ची वापरावी. पहिली दूर जाते, दुसरी जवळ पण वेगाने चालते. विजेचा लपंडाव असेल तर पेटीपुरता लहान यूपीएस मिळतो, तो लावावा.

पाचवे काम : पोहराच गळका आहे का?

मोबाइल 'शुभ सकाळ'च्या फुलांनी आणि देवांच्या चित्रांनी गच्च भरलेला असतो. जागा संपली की अॅप मंदावते, अद्ययावत होत नाही, कधी उघडतच नाही. नको ती चित्रे काढून टाकावीत. सेटिंगमध्ये त्या अॅपचा 'कॅशे' साफ करावा; त्याने आपले खाते जात नाही. अॅप अद्ययावत करावे. मोबाइल बंद करून पुन्हा चालू करावा. तारीख आणि वेळ चुकीची असेल तर व्हिडिओची पुष्कळ अॅप्स उघडत नाहीत, म्हणून ती 'आपोआप'वर ठेवावी. येथे मात्र 'आपोआप' चांगले! आमच्याकडच्या वैशाखात मोबाइल उन्हात किंवा ट्रॅक्टरच्या टपावर राहिला तर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी मंद होतो. त्याला सावलीत ठेवावे. पाण्यात किंवा फ्रिजमध्ये नव्हे.

चित्र दिसते, पण आवाज नाही, अशी तक्रार आली तर ब्लूटूथ पाहावे. मोबाइल अंगणातल्या ट्रॅक्टरच्या टेपशी जोडलेला असतो, आणि सल्ला घरात दिसतो पण बोलतो ट्रॅक्टर! ब्लूटूथच्या स्पीकरवर ओठ आधी आणि शब्द मागून आले तर तो स्पीकर काढून पाहावा. मोबाइलचे चित्र टीव्हीवर दाखविताना काही पैशांच्या अॅपमध्ये पडदा काळा होतो. तो बिघाड नाही. नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने घातलेले ते कुलूप आहे. ते अॅप टीव्हीतच उघडावे.

सहावे काम : खाते आणि पैसा

काही वेळा पाणी असते, चर असतो, पोहराही धड असतो, पण आडावर पहारेकरी उभा असतो. "एका वेळी इतक्याच पडद्यांवर" अशी पैशांच्या अॅपची अट असते. पुण्याला शिकणारा मुलगा, नाशिकची लेक आणि गावचे घर, सगळे एकाच खात्यावर पाहू लागले की शेवटच्याला बाहेर थांबावे लागते. वर्गणी संपली आहे का, तेही पाहावे.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अॅप मोबाइलमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद होत नाही. 'पहिला महिना मोफत' म्हणून होकार दिलेला असतो आणि पुढे दर महिन्याला खात्यातून रक्कम जात राहते. आपल्या यूपीआयच्या अॅपमध्ये 'ऑटोपे' अशी यादी असते. तेथे जाऊन नको तो होकार रद्द करावा. अशी रक्कम कापण्यापूर्वी २४ तास आधी सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. पण ती सूचना बहुधा इंग्रजीत येते आणि न वाचता पुसली जाते. घरातल्या शिकत्या पोराकडून असे निरोप आठवड्याला एकदा वाचून घ्यावेत.

आणि एक काम कधीही करू नये

व्हिडिओ चालेना म्हणून इंटरनेटवर कंपनीचा मदत क्रमांक शोधायचा आणि जो पहिला दिसेल त्याला फोन लावायचा, ही मोठी चूक. असे पुष्कळ क्रमांक भामट्यांनी पेरलेले असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, "दहा रुपये भरा, लगेच चालू होईल" म्हणतो, आपला पडदा त्याला दिसेल असे एखादे अॅप घ्यायला सांगतो, मग ओटीपी किंवा पिन विचारतो. सोयाबीनची पट्टी नुकतीच खात्यात जमा झालेली असते आणि ती पाच मिनिटांत जाते. व्हिडिओ दुरुस्त करायला कोणालाही आपला पिन लागत नाही. मदत हवी असेल तर अॅपच्या आतील 'मदत' या जागीच जावे. मोबाइल कंपनीची तक्रार १९८ या क्रमांकावर करावी, मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहावा. समाधान झाले नाही तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. आणि फसवणूक झालीच तर लाजून बसू नये. त्याच क्षणी १९३० ला फोन करावा. जितका उशीर तितकी रक्कम मिळण्याची आशा कमी.

आबांच्या घरी काय निघाले?

त्या संध्याकाळी आबांच्या नातीने हीच चौकशी केली. दुसरा व्हिडिओ चालला नाही. दुसरे अॅपही नाही. शेजारी मात्र त्याच कंपनीच्या कार्डावर मालिका सुरळीत चालली होती. म्हणजे दोष घरात. मग तिने निरोप उघडले, तर दुपारी तीनलाच कंपनीचा इंग्रजी निरोप येऊन पडलेला : आजचा डेटा शंभर टक्के संपला. शोध घेता घेता गोष्ट आजीपर्यंत आली. आजींनी दुपारी कीर्तन लावले, मोबाइल चार्जिंगला लावून उशाशी ठेवला आणि त्यांना डोळा लागला. आजी झोपल्या, पण महाराज थांबले नाहीत. एका मागून एक कीर्तन, तेही ७२० ओळींवर!

"मले काय ठाव, मी झोपल्यावर बी ते पैसे खाते म्हनून," आजी म्हणाल्या. त्यांचे म्हणणेही खरेच होते. त्यांना हे कोणी सांगितले होते? नातीने तेथल्या तेथे आपोआप पुढे चालण्याची सोय बंद केली आणि चित्र ३६० वर आणले.

राहिला प्रश्न औषधाचा. व्हिडिओ अडला म्हणजे सल्ला अडला असे नाही. साधा फोन तर चालूच होता. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे, सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. नातीने फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "बाटलीवरच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचा." प्रमाण तेथेच छापलेले होते, मिलिलिटरमध्ये. आबांच्या 'दोन झाकणां'शी त्याचा काही मेळ नव्हता, कारण झाकण प्रत्येक बाटलीचे निराळे असते. तेवढ्यानेही समाधान झाले नसते, तर रिसोड तालुक्यातच करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. अळी लागलेली फांदी पिशवीत घालून तेथे नेता आली असती.

रात्री बारानंतर कोटा नव्याने सुरू झाला. पहाटे चहाच्या वेळी नातीने तोच व्हिडिओ पुन्हा लावला. "दहा लिटर पाण्यात..." म्हणून थांबलेले गृहस्थ पुढे बोलले, आणि आकडा बाटलीवरचाच निघाला. तिने तो वहीत लिहिला, खाली तारीख टाकली आणि वही मोजपात्राशेजारी ठेवली.

आमचे सर्व घरांना हेच सांगणे आहे. व्हिडिओ जरूर पाहावा, पण कामाची गोष्ट ऐकली की ती लगेच वहीत उतरवून घ्यावी. वहीला रेंज लागत नाही, कोटा लागत नाही, आणि ती मध्येच थांबून फिरतही नाही.